आबांच्या वजनाची तिकिटं

आईला सांगायचं होतं, ते राहिलं. ती गेली त्याला तीन वर्षं झाली. सांगण्यासारखं माणूस मग उरलंच नाही, म्हणून तुमच्यापुढे बसलोय. हे आजवर माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेलं नाही. दोन-चारदा अगदी जिभेवर आलं होतं, एकदा तर आईच्या पायाशी बसून "आई, ऐक" इथपर्यंत म्हणून झालं होतं. मग मी विचारलं, चहा ठेवू का.

माझ्याकडे चहापत्तीचा एक जुना डबा आहे. त्यात वजनाची तिकिटं आहेत, स्टेशनवरच्या मशिनची. तुम्हाला आठवत असेल ते मशिन. वर उभं राहायचं, काचेआड रंगीत दिव्यांचं चक्र फिरायचं, ते थांबलं की नाणं टाकायचं, खट् आवाज करून पुठ्ठ्याचं तिकीट खाली पडायचं. एका बाजूला सिनेमातल्या नटीचं चित्र, दुसऱ्या बाजूला किलोचा आकडा आणि दोन ओळींचं भविष्य. तारीख मात्र नसायची. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पण आधी आबांबद्दल सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, हा माणूस असा का वागला? आणि आबांबद्दल सांगितलं की तुम्ही म्हणाल, बरोबर वागला. तेही मला नकोय.

आबा म्हणजे माझे वडील. मालवणकडचे. परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. दिवसभर सहा-सहा साचे सांभाळत उभं राहून काम. अंगावर मांस म्हणून नाही, नुसती दोरी. घाटकोपरला पश्चिमेला डोंगराच्या उतारावर आमची चाळ. स्टेशनकडून वर यायला एकशे चौदा पायऱ्या. आबा त्या न थांबता चढायचे, हातात रॉकेलचा डबा असला तरी. आणि त्यांच्या पोटी मी. लहानपणापासून जाडा. का, ते मला माहीत नाही. आई घालायची ते खायचो. चाळीतली बाकीची पोरं पण तेच खायची.

आबांना ते सहन व्हायचं नाही. मारलं वगैरे कधी नाही, खोटं कशाला बोलू? त्यांची पद्धत वेगळी होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते मला स्टेशनवर न्यायचे आणि मशिनवर उभं करायचे. तिकीट पडलं की मी भविष्य वाचायला जायचो. "भविष्य काय वाचतंस? वजन वाच. मोठ्यान वाच." मग मी फलाटावर उभा राहून मोठ्यानं आकडा वाचायचा. घरी आल्यावर ते तिकीट आमच्या दाराच्या चौकटीवर, बाहेरच्या बाजूला, एका खिळ्यात खोचलं जायचं. पुढच्या महिन्याचं येईपर्यंत तिथेच. येणारा-जाणारा वाचायचा. नळावर माझा नंबर लागला की कोणीतरी विचारणारच, "काय रे, ह्या महिन्याला किती?" आणि आबा गॅलरीतून, "गोणी इली रे, वाट देवा गोणीक."

गोणी. नाव तेच पडलं. शाळेत मास्तरसुद्धा एकदा चुकून म्हणाले.

मॅट्रिक झालो. विक्रोळीच्या एका कारखान्यात टाइमकीपर म्हणून लागलो, पगार घरात देऊ लागलो, तरी पहिला रविवार सुटला नाही. का गेलो मी त्यांच्याबरोबर, मिशा फुटल्यावरही? मी स्वतःला कितीदा विचारलंय. नाही म्हणता येत नव्हतं, एवढंच. गोण्या नाही म्हणत नाहीत.

मग एक स्थळ आलं. दहिसरची मुलगी, कोकणातलीच, आमच्यातलीच. मी तेव्हा अठ्ठावीसचा. मुलगी, तिची आई आणि मामा आमचं घर बघायला वर चढून आले. पायऱ्यांनी धापा टाकत होते, तेवढ्यावरून हसणं झालं, चांगलं चाललं होतं. आईनं पोहे दिले. मुलीनं पोपटी साडी नेसली होती. तिनं माझ्याकडे एकदा सरळ बघितलं होतं, हसून नाही, साधंच. मला ते पुरलं होतं. मामा म्हणाले, "मुलाची पत्रिका आहे का?" आणि आबा उठले. चौकटीवरचं तिकीट काढून त्यांनी मामांच्या हातात दिलं.

"ही घ्या पत्रिका. चौऱ्याण्णव किलो. राशीबिशीची गरज नाय, खयच्याय घरात मावाचो नाय."

मामा खदखदून हसले. मुलीच्या आईनं तोंड फिरवलं. आणि मुलीनं पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते तिचे. आबासुद्धा हसत होते, आपण काहीतरी झकास बोललो म्हणून. त्यांच्या मनात काही वाईट नसेलही. मला त्याचं काय करायचंय? निरोप आला नाही. मी आईला सांगितलं, आता पुन्हा कोणाला या घरात बोलवायचं नाही. तिनं दोन-तीनदा विषय काढून बघितला, मग सोडून दिला.

तेव्हापासून मी वाट बघत होतो. कशाची, ते माहीत नव्हतं. म्हणजे हातात सुरी घेऊन बसलो होतो असं नाही. रोज डबा घेऊन कामावर जायचो, घरी यायचो, आबांना पेपर वाचून दाखवायचो. पण आत कुठेतरी ते ठेवलेलं होतं, नीट घडी घालून.

गिरणी बंद पडली. संप, मग आज उघडेल-उद्या उघडेल, मग काहीच नाही. आबा घरी बसले. उभं राहून जन्म काढलेला माणूस बसला, आणि सुटला. दोन वर्षांत असे सुटले की लेंग्याची नाडी पुरेना. सकाळी चहाबरोबर बटर चार-चार, दुपारी बांगड्याचं तिखलं आणि भाताचा डोंगर, संध्याकाळी नाक्यावर दुसरे रिकामे गिरणीवाले आणि भजी. मी बघत होतो. एक शब्द बोललो नाही.

मग पायाला ठेच लागली ती भरेना. महिना झाला तरी अंगठा ओलाच. आणि आईनं एक दिवस मोरीत मुंग्या बघितल्या. मोरीत मुंग्या म्हणजे काय, ते आमच्या चाळीत सगळ्यांना माहीत होतं. मी आबांना स्टेशनजवळच्या दवाखान्यात नेलं. गुजराती डॉक्टर, वयस्कर, भला माणूस. तपासणी झाली. साखर. चांगलीच वाढलेली.

डॉक्टरांनी गोळी दिली आणि खाण्याचा कागद लिहिला. साखर-गूळ बंद, भात बंद, बटाटा बंद, तळलेलं बंद. अर्धी-अर्धी भाकरी दोन वेळा, पालेभाजी, ताक, मासा फक्त कालवणात. रोज चालणं. "वजन उतरवायलाच पाहिजे," ते म्हणाले. दवाखान्यात वजनकाटा होता पण तो बिघडलेला. म्हणाले, "दर रविवारी स्टेशनवर वजन करायचा. महिन्याला एक तिकीट मला आणून दाखवायचा."

स्टेशनवर. तिकीट.

मी हसलो नाही. पण तुम्हाला खरं सांगू? त्या क्षणी मला जे वाटलं तसं सुख त्याआधी कधी वाटलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

आबा बाहेर चप्पल घालत होते, तेव्हा डॉक्टरांनी मला एकट्याला थांबवून बजावलं. शब्द न् शब्द लक्षात आहे. "बघ, अडुसष्टला आला की लगेच मला सांगायचा. मग गोळी अर्धी करायची, भात चालू करायचा. नायतर काका चक्कर येऊन पडेल. आणि कधी हात थरथरला, घाम सुटला, तर पहिला तोंडात साखर टाकायची. मला विचारायला पण यायचा नाय."

हे मी ऐकलं. फक्त मी.

पहिल्या रविवारी आबा मशिनवर उभे राहिले. शहाऐंशी. "वाचा," मी म्हटलं. त्यांनी वाचलं. "मोठ्यानं वाचा आबा, मला ऐकू आलं नाही." फलाटावर दोन-चार माणसं उभी होती. आबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना समजलं—लगेच समजलं, ते काही भोळे नव्हते. आणि त्यांनी मोठ्यानं वाचलं. घरी आल्यावर मी तिकीट चौकटीवरच्या त्याच खिळ्यात खोचलं. खिळा अजून होता. गंजलेला, पण घट्ट.

मला वाटलं होतं ते भांडतील. चोरून खातील, मग मी पकडीन, मग चार लोकांत… मी ते सगळं मनात रचून ठेवलं होतं. पण आबांनी पथ्य असं पाळलं की जसं साचेखात्यातलं काम. एक खाडा नाही. अर्धी भाकरी म्हणजे अर्धी. आई पातेल्यात डाव घालून विचारायची, "घासभर भात घालू? घासान काय होतला?" तर आबाच म्हणायचे, "डाक्टरान सांगल्यान ता सांगल्यान." रोज सकाळी गोळी घेऊन स्टेशनपर्यंत उतरायचे आणि परत चढायचे. चाळीतले लोक गॅलरीतून ओरडायचे, "काय आबा, हिरो झालात!" शेजारचे परब माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "बापाक सांभाळूचा तर असा. नायतर आमचे झील बघ." परबांना दोन मुलगे होते, दोघेही वेगळे राहायचे.

मी मान खाली घालायचो. लाजल्यासारखी.

वजन उतरत गेलं. पाचव्या महिन्यात डॉक्टरांना चौऱ्याहत्तरचं तिकीट दाखवलं. ते खूश झाले, तिकीट केसपेपरला टाचणीनं लावून ठेवलं. त्यानंतरच्या चार रविवारी त्र्याहत्तर, बहात्तर, सत्तर—आणि अडुसष्ट.

अडुसष्टचं तिकीट घेऊन मी कामावरून येता येता दवाखान्यात गेलो. बाकड्यावर गर्दी होती, बसून होतो. खिशात चारही तिकिटं होती. डॉक्टर दर महिन्याला एकच बघायचे, बाकीची माझ्याकडेच राहायची. आणि त्यांच्यावर तारीख नव्हती. मी ठरवून गेलो नव्हतो… नाही, हे खोटं आहे. चारही तिकिटं खिशात का होती मग? इतर वेळी एकच नेत होतो ना?

नंबर लागला. मी त्र्याहत्तरचं तिकीट काढून दिलं.

"हळू उतरतोय आता," डॉक्टर म्हणाले. "पण उतरतोय. चालू ठेवा. भात बंदच." केसपेपरला टाचणी लावली. "काकांना एकदा घेऊन ये." मी म्हटलं, आणतो.

बस. एवढंच. जिना उतरताना माझे पाय हलके झाले होते.

पुढच्या महिन्यात बहात्तरचं दिलं. खरं वजन तेव्हा पासष्ट. त्याच्या पुढच्या महिन्यात सत्तरचं दिलं. "अजून दोन किलो," डॉक्टर म्हणाले, "मग काकांना भात." मी घरी येऊन आबांना सांगितलं, डॉक्टर म्हणाले अजून कमी करा. खरं वजन तेव्हा एकसष्ट. दारावर मात्र खरं तिकीट लागायचं. आबा रोज जाता-येता ते बघायचे. त्यांना कुठे माहीत होतं की अडुसष्टला थांबायचं होतं?

आईला मात्र दिसत होतं. ती एकदा मोरीशी भांडी घासताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, "हाडां दिसाक लागली रे त्यांची. डॉक्टराक इचार तरी."

"विचारलं. ते म्हणाले बरोबर चाललंय."

"भातय नाय?"

"तुला त्यांना मारायचंय का?"

हे मी बोललो. माझ्या आईला. तिनं भांडं विसळलं आणि पालथं घातलं. पुन्हा कधी विचारलं नाही. तिला वाचता येत नव्हतं. माझ्या हातात कागद असायचा.

आता खाजाचं सांगतो. हे सांगायचं नव्हतं. तिकिटांपर्यंत येऊन थांबायचं, असं मी ठरवलं होतं.

परब गावच्या जत्रेला जाऊन आले. येताना सगळ्या चाळीसाठी खाजा आणला, गुळाच्या पाकातला, आलं घातलेला. शनिवारची संध्याकाळ होती. मी जिना चढून वर आलो तर गॅलरीत पाच-सहा माणसं, परब पुडा धरून उभे, आणि आबा कठड्याला टेकलेले, हातात खाजाची एक कांडी. तोंडात अर्धी. चेहऱ्यावर घाम. संध्याकाळचा वारा होता, घाम येण्यासारखं काही नव्हतं. हात थरथरत होता. नुसता नाही, कांडी ओठांवर आपटत होती.

"आबा, तोंड उघडा."

"बाबू, माका जरा…"

"उघडा तोंड. थुंका." मी त्यांच्या हनुवटीखाली हात धरला, लहान पोरापुढे धरतात तसा.

परब म्हणाले, "सोड रे, येक कांडी…" मी म्हटलं, "परबकाका, तुम्ही यांच्या गोळ्यांचे पैसे भरणार आहात का? पाय कापायची वेळ आली तर तुम्ही येणार?" परबांनी पुडा मिटला. मग कोणीतरी मागून, "चोरून खातात म्हातारे, आमच्याकडेपण तेच." थोडं हसणं झालं. आणि आबा माझ्या तळहातावर थुंकले. हातातली कांडी मी काढून घेतली. ते सगळं मी सगळ्यांच्या देखत कठड्यावरून खाली टाकलं.

लोकांना वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून म्हातारा थरथरतोय. मला तसं वाटलं नव्हतं. थरथर, घाम, पहिली साखर. मला डॉक्टरांचे शब्द तोंडपाठ होते. मला माहीत होतं ते खाजा का खातायत. त्यांना स्वतःला माहीत नव्हतं, त्यांचं अंग मागत होतं आणि हात गेला होता. मला माहीत होतं. आणि माझ्या डोळ्यांसमोर काय होतं सांगू? पोपटी पदर. हलणारे खांदे.

आईनं त्यांना आत नेलं, ताक दिलं. रात्रीची अर्धी भाकरी नेमाप्रमाणे वाढली. ते निभावून गेले, त्या दिवशी.

दुसरा दिवस रविवार. आबा म्हणाले, "आज रवांदे." नऊ महिन्यांत पहिल्यांदाच नको म्हणाले. मी म्हटलं, "काल खाल्लंत ना? वजन बघायला नको?" गोळी दिली. भाकरी आल्यावर खा म्हटलं. खाली उतरलो. मशिनवर चढताना त्यांनी माझा खांदा धरला. एकोणसाठ. त्यांनी आकडा हळू वाचला, आणि मी त्या दिवशी मोठ्यानं वाचा म्हटलं नाही; कंटाळलो होतो बहुतेक. तिकीट शर्टाच्या खिशात टाकलं.

परत चढताना मी पुढे होतो, सात-आठ पायऱ्या. मागून हाक आली.

"बाबू, थांब जरा."

ते मला बाबू कधी म्हणायचे? मी पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत म्हणायचे, असं आई सांगायची. काल संध्याकाळी म्हणाले होते, आणि आता. मी ऐकलं. नीट ऐकलं. आणि थांबलो नाही. पुढचं पाऊल टाकलं, त्याच्या पुढचं टाकलं. मग आवाज झाला, आणि खाली नळावरची बाई ओरडली.

खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळात आधी रक्त बघितलं तर साखर तळाला गेलेली. शिरेतून ग्लुकोज दिलं तेव्हा डोळे उघडले. संध्याकाळी आमचे डॉक्टर स्वतः आले, बगलेत केसपेपर घेऊन. खाटेजवळ आले, आबांचं मनगट हातात घेतलं आणि घेऊनच उभे राहिले. मग केसपेपर उघडून टाचणीचं तिकीट बघितलं, पुन्हा मनगट बघितलं.

"सत्तर? हा माणूस सत्तर किलो?"

आई स्टुलावर बसलेली. आबा जागे. मी खाटेच्या पायाशी उभा. खिशात एकोणसाठचं तिकीट.

"हे तिकीट कोणी आणला?" डॉक्टरांनी मला विचारलं.

आता बघा, इथे तरी मी बोलू शकलो असतो. म्हातारा जिवंत होता, आई समोर होती, डॉक्टर भला माणूस होता. शिव्या घातल्या असत्या, मारलंही असतं कदाचित. मग? पण मी काय बोललो, तर म्हणालो—"आबांनीच दिलं मला. दर वेळी तेच देत होते. मला वाटलं, बरोबरच असेल."

डॉक्टर आबांकडे वळले. "काका? तुम्ही जुना तिकीट दिला?"

आबांना दारावरचा आकडा माहीत होता. नऊ महिने रोज बघत होते. सत्तर ऐकलं त्याच क्षणी त्यांना सगळं कळलं असणार. ते माझ्याकडे बघत राहिले. मशिनचं चक्र थांबेपर्यंत आपण बघतो ना, तसं.

"व्हय," ते म्हणाले. "मीयाच दिलंय. ह्येका काय म्हायत नाय."

"पण का, काका?"

आईनं कपाळावर हात मारून घेतला. "माझ्या पोरान येवढा केल्यान, आणि तुमी असा?"

तुम्ही म्हणाल, बापानं पोराला वाचवलं. मीही काही दिवस तसंच समजत होतो, आणि मला त्याचा रागच आला होता. आता शेवटी हा माणूस मोठा ठरणार, आणि मी? पण आबांना ओळखत नव्हतो मी. महिन्याभरानं त्यांना घरी आणलं. खाटेवरून उठणं आता नव्हतं. डॉक्टरांनी नवा कागद दिला: गोळी अर्धी, भात दोन वेळा, वाटीभर, दूध, अंडं, मासा. आईनं भात केला, बांगड्याचं तिखलं केलं. मी ताट घेऊन गेलो.

"कागद खंय हा?" आबा म्हणाले.

"आबा, भात दिलाय डॉक्टरांनी."

"कागद हाड. वाच."

मी कागद आणला, वाचला. "परत वाच. मोठ्यान." मी मोठ्यानं वाचलं. दार उघडं होतं, गॅलरीत लोक होते. माझं वाचून होईपर्यंत ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मग जेवले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आईनं वाढलं की मुकाट खायचे. मी ताट नेलं की आधी कागद. सकाळी मी गोळी दिली की गोळी तळहातावर ठेवून, "वाच." परब हसून म्हणायचे, "म्हातारो काय डोक्यात गेलो काय? सख्ख्या पोराचो इस्वास नाय?" आई चिडायची, "स्वताच खोटी तिकिटां दिल्यानी, आणि आता पोरावर संशय." आबा फक्त माझ्याकडे बघायचे, आणि मी वाचायचो. भात, वाटीभर. मोठ्यान.

एक वर्ष आणि आठ महिने. कागदाच्या घड्या फाटल्या, मी चिकटपट्टी लावली. शेवटच्या आठवड्यात न्यूमोनियानं छाती भरली होती, शब्द फुटत नव्हता. मी पेजेचा चमचा नेला. त्यांनी ओठ मिटून घेतले आणि डोळे उशाकडे फिरवले, जिथे कागद असायचा तिथे. मी काढला. त्यात पेज लिहिलेली नव्हती. मी कागदाकडे बघत बघत म्हटलं, "पेज, जितकी जाईल तितकी." त्यांनी तोंड उघडलं नाही. मग आईनं माझ्या हातातून चमचा घेतला, आणि तिच्या हातून दोन घोट गेले.

आई त्यानंतर बारा वर्षं होती. सणाला भात वाढताना म्हणायची, "तुझ्या बापसान आपल्या हातान आपलो घात केल्यान. खोटी तिकिटां दिल्यानी." येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. गावच्या लोकांना, भाऊबंदांना, नव्या शेजाऱ्यांना. म्हातारा लबाड, मुलगा देवमाणूस. मी जेवत असायचो. बारा वर्षांत एकदाही घास तोंडात अडकला नाही.

मला आता साखर आहे. मनात येतं ते तुमच्याही मनात आलं असेल, पण त्याचा याच्याशी संबंध नाही. आमच्या घराण्यातच आहे. वजन एक्याऐंशी. चालतो, भात सोडलाय.

वाईट वाटतं का? आईचं वाटतं. आबांचं… अजूनही कधी पोपटी रंगाची साडी दिसली की माझ्या मुठी वळतात, आणि तो खिळा हातात आल्यासारखा वाटतो. ते गेलेलं नाही. ते गेलं म्हणून मी हे सांगत नाहीये.

डब्यात आता चारच तिकिटं राहिलीत. अडुसष्ट, पासष्ट, एकसष्ट, एकोणसाठ. त्र्याहत्तर, बहात्तर, सत्तर ही तीन डॉक्टरांच्या केसपेपरला टाचलेली होती. दवाखाना बंद झाला, कागद कुठे गेले देव जाणे. ती तिकिटं आबांनी दिली नव्हती. आबांनी आयुष्यात एकही खोटं तिकीट कोणाला दिलं नाही. माझं दिलं तेही खरंच होतं, चौऱ्याण्णवचं. खोटी मी दिली. घाटकोपरच्या चाळीत कोणी जुनं माणूस उरलं असेल आणि त्याच्या तोंडी ती गोष्ट अजून असेल, तर ती तशी नाही. तिकिटं मी बदलली. आणि हाक मला ऐकू आली होती.